‘गिव्ह अप’मधला ‘अप’ : फ्रेझल व्हर्बवरील आक्षेपांचा प्रतिवाद

इंग्रजी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी भाषकांमध्ये फ्रेझल व्हर्ब या प्रकाराविषयी एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. साध्या क्रियापदापुढे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘इन’ असे एखादे छोटे अव्यय येऊन दोहोंचा मिळून एक वेगळा अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. आणि हा अर्थ घटक शब्दांवरून कळत नसल्यामुळे अशा जोड्यांची यादी करून ती घोकणे हाच एक मार्ग उरतो, असे सांगितले जाते. या मतावर शिकवण्या चालतात आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके छापली जातात. हे मत चुकीचे आहे आणि त्याने शिकणाऱ्याचे नुकसान होते, हे ‘गिव्ह अप’ या एकाच क्रियापदाच्या आधारे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोणत्याही मताचे खंडन करण्यापूर्वी ते प्रतिपक्षाला मान्य होईल अशा रीतीने मांडावे, ही आपल्याकडच्या शास्त्रचर्चेची शिस्त आहे; म्हणून आधी पूर्वपक्ष. त्याचे आक्षेप चार आहेत. पहिला आक्षेप अतार्किकतेचा : ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, तर या दोहोंच्या बेरजेतून ‘सोडणे’, ‘हार मानणे’ हा अर्थ कोणत्याही तर्काने निघत नाही. दुसरा निरर्थकतेचा : ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’ यांसारख्या प्रयोगांत ‘अप’ काढून टाकला तरी खाणे खाणेच राहते आणि पिणे पिणेच, म्हणजे हे अव्यय म्हणजे भाषेला चिकटलेली सवय आहे. तिसरा आक्षेप दर्जाचा : फ्रेझल व्हर्ब ही बोलण्यातली चीज असून प्रौढ लेखनात तिच्या जागी ‘सरेंडर’, ‘अबॅन्डन’, ‘रिलिंक्विश’ असे लॅटिन किंवा फ्रेंच कुळातले भारदस्त शब्द वापरावेत. चौथा परकेपणाचा : मराठीच्या घडणीत असे काही नसल्यामुळे मराठी भाषकाला ही रचना आतून उमगणे शक्य नाही, आणि म्हणून पाठांतराला पर्याय नाही.

या पूर्वपक्षाला एका थोर नावाचाही आधार दिला जातो. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते आणि यांतल्या काही जोड्या मूळ अर्थापासून इतक्या दूर गेल्या आहेत की त्यांची वाट शोधून काढणे कोणत्याही बुद्धिमत्तेला जमणार नाही, असे नमूद केले आहे. आक्षेपक येथे थांबतात; जॉन्सन मात्र थांबलेले नाहीत. त्याच परिच्छेदात ते पुढे सांगतात की अशा जोड्या त्यांनी काळजीपूर्वक संकलित केल्या आहेत, आणि संग्रहातून ज्या सुटल्या असतील त्यांचा उलगडा नोंदवलेल्या जोड्यांशी तुलना करून सहज होईल. अनोळखी जोडीचा अर्थ ओळखीच्या जोडीवरून लागू शकत असेल तर त्या दोहोंमध्ये काही नियम वावरतो, हे उघड आहे. म्हणजे ज्या प्रस्तावनेचा दाखला अनियमिततेसाठी दिला जातो, तिनेच नियमाच्या शक्यतेची ग्वाही दिलेली आहे.

अतार्किकतेच्या आक्षेपाचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या बखरवजा नोंदवहीची जी प्रत इंग्लंडमधील पीटरबरो येथील मठात लिहिली गेली, तिचा शेवटचा भाग 1154 पर्यंतच्या घटना सांगतो. त्यातील 1137 या वर्षाखालील नोंदीत, राजा स्टीफनने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चान्सलर रॉजर यांना कैदेत टाकले आणि आपापले किल्ले त्यांनी ताब्यात देईपर्यंत सोडले नाही, असा मजकूर आहे; आणि ‘ताब्यात दिले’ यासाठी तेथे ‘गिव्ह अप’चेच तत्कालीन रूप वापरलेले आहे. या प्रयोगात काहीही अनाकलनीय नाही. देणारे आहेत, घेणारा राजा आहे, दिली जाणारी वस्तू दगडामातीची आहे, आणि ‘अप’ने सांगितले आहे ते इतकेच की देणे पुरतेपणी झाले, हातचे काही राखले गेले नाही. मराठी वाचकाला याचे चित्र लगेच उभे राहावे, कारण 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले, तो प्रसंग इंग्रजीत सांगताना ‘गिव्ह अप’ हेच क्रियापद अगदी नेमके बसते.

या मूळ अर्थापासून आजच्या अर्थापर्यंतची वाटही पायरीपायरीने दिसते. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये मृत्यूचे वर्णन करताना माणसाने आपला आत्मा ‘गिव्ह अप’ केला अशी शब्दयोजना अनेकदा येते. येथे सोडली जाणारी गोष्ट हातात धरता येत नाही आणि घेणारा वाक्यात दिसत नाही, तरी देणे अंतिम आहे, परत घेता न येणारे आहे. त्यानंतर हक्क, पद, दावा यांवरचे स्वामित्व सोडणे येते. त्यानंतर तंबाखूसारखी सवय सोडणे येते, जिथे घेणारा कोणी संभवतच नाही. आणि शेवटी कर्मही गळून पडते व ‘शी गेव्ह अप’ एवढ्याच वाक्यातून तिने प्रयत्नच सोडला असा अर्थ निघतो. या सगळ्या प्रवासात दोन गोष्टी कायम राहिल्या आहेत. सोडणाऱ्याकडे ती गोष्ट आधी होती ही पहिली, आणि ती त्याने पूर्णपणे आपल्यापासून दूर केली ही दुसरी. बदलले ते एवढेच की घेणारा हळूहळू पुसट होत नाहीसा झाला.

हा निष्कर्ष पडताळून पाहता येतो. ज्याने कधी धूम्रपान केलेच नाही त्याच्याविषयी त्याने ते ‘गिव्ह अप’ केले असे इंग्रजीत म्हणता येत नाही, कारण हाती नसलेले सोडता येत नाही. पाऊस थांबला हे सांगायला ‘स्टॉप’ चालते, ‘गिव्ह अप’ चालत नाही, कारण सोडण्यासाठी सोडणाऱ्याची इच्छा किंवा निरुपाय लागतो आणि पावसाला दोन्ही नाहीत. ‘गिव्ह’च्या साध्या प्रयोगाशी तुलना केली तर फरक अधिक उठून दिसतो. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत भारताचे लोक हे संविधान स्वतःलाच देतात आणि तेथे इंग्रजी मसुद्यात ‘गिव्ह’ हेच क्रियापद आहे. देणारा आणि घेणारा एकच असला तरी घेणाऱ्याची जागा वाक्यात भरलेली आहे. ‘गिव्ह अप’मध्ये ती जागा रिकामी राहू शकते. एका अव्ययाने क्रियापदाच्या गरजा बदलल्या आणि त्या बदलाचे नियम सांगता येतात, तर मग अतार्किकतेचा आरोप कशावर टिकणार?

आता ‘अप’ निरर्थक आहे या आक्षेपाकडे वळावे. त्याचे पहिले उत्तर ‘गिव्ह अप’मध्येच आहे, कारण ‘गिव्ह अप स्मोकिंग’मधून ‘अप’ काढला तर वाक्य मोडते. काढता न येणाऱ्या गोष्टीला वायफळ म्हणता येत नाही. पण ‘ईट अप’सारख्या प्रयोगांचे काय, जिथे अव्यय काढूनही वाक्य उभे राहते? तेथे कालावधीची कसोटी लावावी. एखादे मूल तासभर दूध पीत होते असे इंग्रजीत ‘ड्रिंक’ने सांगता येते, परंतु ‘ड्रिंक अप’सह तासभराचा कालावधी जुळत नाही, कारण ‘अप’ने क्रियेला शेवट दिलेला असतो आणि शेवट असलेली क्रिया तासभर पसरत राहत नाही. मराठीतही ‘मूल तासभर दूध पीत होते’ हे वाक्य सहज आहे, तर ‘मूल तासभर दूध पिऊन टाकत होते’ हे कानाला खटकते. ‘टाकणे’ या क्रियापदाने येथे फेकण्याचा अर्थ सोडून क्रियेच्या पूर्णतेचा अर्थ घेतला आहे, आणि ‘अप’नेही वरच्या दिशेचा अर्थ बाजूला ठेवून तेच काम पत्करले आहे.

वरची दिशा आणि पूर्णता यांचा संबंध कसा जुळला, याचेही उत्तर व्यवहारात सापडते. भांड्यात पाणी ओतले की त्याची पातळी वर चढते आणि काठाला लागली की भांडे भरले असे आपण म्हणतो. धान्याची रास वर जाते, भिंत वर जाते, आणि वर जाण्याची मर्यादा गाठली की काम पुरे झालेले असते. ‘फिल अप’ आणि ‘बिल्ड अप’ यांत दिशा आणि पूर्णता दोन्ही एकत्र दिसतात. ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांत दिशा मागे पडते आणि पूर्णता तेवढी राहते. विहिरीचे पाणी आटताना खाली जाते, तरी त्याला ‘ड्राय अप’ म्हणतात, यावरूनच दिशेचा अर्थ मागे पडल्याचे कळते. 1981 साली सुझन लिंडनर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘अप’ आणि ‘आउट’ या दोन अव्ययांच्या जोड्यांवर प्रबंध लिहून त्यांचे अर्थ एकमेकांत गुंफलेले कुटुंब आहे हे तपशिलाने दाखवले, तेव्हापासून भाषाविज्ञानात या अव्ययांना निरर्थक म्हणणे अवघड झाले आहे.

अव्ययाला स्वतःचा अर्थ असतो की नाही, हा वाद भारतीय परंपरेला नवा नाही. यास्काच्या ‘निरुक्ता’त उपसर्गांविषयी दोन मते नोंदवली आहेत : शाकटायनाच्या मते उपसर्ग सुटे असताना अर्थ सांगत नाहीत, ते नामाच्या किंवा क्रियापदाच्या अर्थाला फक्त उजाळा देतात, गार्ग्याच्या मते त्यांना स्वतःचे नानाविध अर्थ असतात. ‘अप’वरील आक्षेप हा शाकटायनाच्याच मताचा एक कठोर अवतार आहे. शाकटायनानेही उपसर्ग टाकून द्यावेत असे म्हटले नव्हते, एवढे मात्र आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार आणि परिहार हे शब्द सिद्ध होतात, आणि ‘नेणे’ या मूळ अर्थापासून हत्या, भोजन, सहल आणि निराकरण इतक्या दूरवर ते गेले आहेत. मराठी माणूस हे पाचही शब्द रोज वापरतो आणि संस्कृतला कोणी बेशिस्त भाषा म्हणत नाही. ‘त्याग’ आणि ‘परित्याग’ यांची तुलना तर प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळची आहे, कारण ‘परि’चा मूळ अर्थ ‘सभोवार’ असा दिशेचा आहे आणि ‘परित्याग’ म्हणजे सर्वस्वी त्याग. येथेही दिशेने पूर्णतेचे काम केले आहे, जसे ते ‘अप’ने केले.

यावर असे म्हटले जाईल की संस्कृतचा उपसर्ग धातूच्या आधी बसतो आणि त्याच्याशी एकजीव होतो, तर इंग्रजीचे अव्यय मागे लोंबकळते आणि कधी मधे दुसरे शब्द घेऊन भटकते. त्याचे उत्तर पाणिनीने देऊन ठेवले आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील 80 वे सूत्र उपसर्ग धातूच्या आधी येतो असे सांगते, आणि लगेच पुढची दोन सूत्रे वेदात तो धातूच्या नंतरही येतो व मधे अन्य शब्दांचे अंतर ठेवूनही येतो असे नमूद करतात. ‘गिव्ह इट अप’ या रचनेत ‘अप’ क्रियापदाच्या नंतर आहे आणि मधे ‘इट’चे अंतर आहे. म्हणजे इंग्रजीची जी ठेवण विचित्र वाटते, तिला वेदाच्या भाषेत मुभा होती आणि व्याकरणकाराने तिची सूत्रबद्ध नोंद केली होती. जर्मन भाषेत ‘सोडणे’ या अर्थाच्या ‘आउफगेबेन’ या क्रियापदातले ‘आउफ’ म्हणजे ‘वर’ हे अव्यय मूळ रूपात आधी असते आणि वाक्यात सुटून शेवटी जाते. डचमध्ये ‘ओपगेवेन’ आणि स्वीडिशमध्ये ‘गे उप’ याच दोन घटकांचे बनलेले आहेत. एका कुळातल्या चार भाषांनी देणे आणि वर यांच्या जोडीतून सोडण्याचा अर्थ घडवला असेल, तर तो अपघात म्हणता येणार नाही.

मधल्या ‘इट’लाही नियम आहे. कर्म नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर, कोठेही चालते; सर्वनाम असेल तर त्याला मधेच बसावे लागते, आणि ‘गिव्ह अप इट’ हा प्रयोग अशुद्ध ठरतो. कारण असे की सर्वनाम आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते, तर वाक्याच्या शेवटी जोर पडतो आणि ती जागा नव्या किंवा महत्त्वाच्या माहितीसाठी राखलेली असते. 2015 साली केंद्र सरकारने सधन ग्राहकांना स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले, त्या मोहिमेचे नाव ‘गिव्ह इट अप’ हे होते आणि त्यात हा नियम जसाच्या तसा पाळलेला आहे. याच तीन शब्दांना ‘फॉर’ जोडून एखाद्या कलावंतासाठी टाळ्या वाजवा असे आवाहन रंगमंचावरून केले जाते, तेव्हा अर्थ बदलतो, पण राखून न ठेवता भरभरून देण्याची छटा तेथेही हरवत नाही.

तिसरा आक्षेप दर्जाचा. ज्या बायबलचा वर उल्लेख आला त्याच्या भाषेला आजवर कोणी बाजारू म्हटलेले नाही. पण धर्मग्रंथ जुना म्हणून सोडून दिला, तरी कायद्याची भाषा आजची आहे आणि तिच्याइतकी काटेकोर भाषा दुसरी नाही. भारताच्या 1996 च्या लवाद कायद्याचे 34 वे कलम लवादाचा निवाडा रद्द करण्यासंबंधी आहे आणि तेथे ‘सेट असाइड’ हे फ्रेझल व्हर्बच पारिभाषिक संज्ञा म्हणून येते. कंपनी बंद करण्याच्या कायदेशीर प्रक्रियेला ‘वाइंडिंग अप’ म्हणतात आणि कंपनी कायद्याने ही संज्ञा प्रकरणाच्या मथळ्यात ठेवली आहे. या ‘अप’मध्ये पूर्णतेचाच अर्थ आहे, आणि तिच्यासाठी मराठीत रूढ झालेला ‘समापन’ हा शब्द ‘आप्’ म्हणजे मिळवणे या धातूला ‘सम्’ जोडून पूर्ण करण्याचा अर्थ घडवतो. दोन भाषांनी एकाच गरजेवर एकाच युक्तीने तोडगा काढला आहे. अब्राहम लिंकन यांच्या 1863 च्या गेटिसबर्ग येथील भाषणाचे पहिलेच वाक्य ‘ब्रिंग फोर्थ’ या जोडीवर उभे आहे. फ्रेझल व्हर्ब प्रौढ लेखनात चालत नाही, हा नियम मानला तर धर्म, न्याय आणि राज्य या तिन्ही क्षेत्रांतली इंग्रजी अप्रौढ ठरवावी लागेल.

शिवाय भारदस्त म्हणून सुचवलेले शब्द बदली काम करतातच असे नाही. एखाद्या मातेने आपले मूल ‘गिव्ह अप’ केले म्हणजे तिने ते दत्तक जाण्यासाठी रीतसर दुसऱ्याच्या हवाली केले. ‘अबॅन्डन’ केले म्हणजे ते टाकून दिले. पहिल्यात दुःख आहे आणि जबाबदारी आहे, दुसऱ्यात गुन्हा आहे. बसमध्ये वृद्धाला जागा देण्यासाठी ‘गिव्ह अप’ चालते, ‘सरेंडर’ म्हटले तर जणू लढाई हरल्यासारखे वाटते आणि ‘अबॅन्डन’ म्हटले तर जागा ओस पडली असे. ‘गिव्ह इन’ आणि ‘गिव्ह अप’ यांतला फरकही असाच मोलाचा आहे : पहिल्यात समोरच्याच्या आग्रहापुढे नमते घेतले जाते, दुसऱ्यात समोर कोणी असो वा नसो, नादच सोडला जातो. जो लेखक या जोड्या गाळून एकाच भारदस्त शब्दाने सगळीकडे वेळ मारून नेतो, त्याचे लेखन प्रौढ होत नाही, तर अस्पष्ट होते. आणखी असे की ‘सरेंडर’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा तोही ‘सुर्’ म्हणजे वरून किंवा पलीकडे आणि ‘राँद्र’ म्हणजे परत देणे अशा अव्यय आणि क्रियापदाच्या जोडीतूनच घडलेला होता. शिवण दिसेनाशी झाली म्हणून कापड वेगळे होत नाही.

‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावच मुळी 1925 साली लोगन पिअर्सल स्मिथ यांनी आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकातून रूढ केले आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले. इंग्रजीच्या मर्मज्ञांनी या रचनेला स्वतंत्र नाव द्यावे इतकी ती भाषेच्या गाभ्याशी आहे, याची ही खूण आहे. तिला बोलण्यातली उणीव मानणाऱ्यांनी या इतिहासाचा विचार केलेला दिसत नाही.

राहिला परकेपणाचा आक्षेप, आणि येथेच प्रतिपक्षाची चूक सर्वांत मोठी आहे, कारण ती मातृभाषेविषयीच्या अज्ञानातून येते. ‘गिव्ह अप’चा मराठी अर्थ ‘सोडून देणे’ असा आपण सांगतो, पण या मराठी शब्दाकडे नीट पाहत नाही. ‘त्याने तंबाखू सोडून दिली’ या वाक्यात ‘दिली’ हे ‘देणे’चेच रूप आहे. मग तंबाखू कोणाला दिली? कोणालाही नाही. मराठीतल्या ‘देणे’नेही येथे घेणाऱ्याला निरोप दिला आहे आणि सोडण्याच्या क्रियेवर अंतिमतेची मोहोर उठवली आहे, ‘सोडली’ आणि ‘सोडून दिली’ यांतला फरक मराठी कानाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीने देण्याच्या क्रियापदाला पूर्णतेचे अव्यय जोडले, मराठीने सोडण्याच्या धातूला देण्याचे क्रियापद जोडले. मार्ग वेगळे असले तरी दोन्हीकडे ‘देणे’ हजर आहे आणि दोन्हीकडे घेणारा बेपत्ता आहे.

मराठी व्याकरणात या रचनेला संयुक्त क्रियापद म्हणतात, आणि मोरो केशव दामले यांनी 1911 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. खाऊन टाकणे, निघून जाणे, बोलून बसणे, करून ठेवणे, पेटून उठणे, ऐकून घेणे : या जोड्यांत दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून क्रियेची तऱ्हा सांगते. ‘बोलून बसणे’मध्ये कोणी बसत नाही, तर नको ते तोंडातून निसटल्याची हळहळ असते, ‘करून ठेवणे’मध्ये ठेवलेली वस्तू नसते, तर पुढच्या वेळेची तरतूद किंवा निस्तरावे लागणारे नुकसान असते. ‘ड्राय अप’साठी ‘आटून जाणे’, ‘ईट अप’साठी ‘खाऊन टाकणे’, ‘गिव्ह अवे’साठी ‘देऊन टाकणे’ अशा कितीतरी जोड्या समोरासमोर ठेवता येतात. मराठी शिकणाऱ्या परकीयाला ‘बसणे’ आणि ‘बोलून बसणे’ यांचा मेळ लागत नाही, तेव्हा तोही मराठीला अतार्किक म्हणेल. त्याला आपण जे उत्तर देऊ तेच उत्तर आपण स्वतःला इंग्रजीच्या बाबतीत दिले पाहिजे.

काही गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. मराठीच्या संयुक्त क्रियापदात दोन्ही घटक क्रियापदे असतात आणि इंग्रजीत दुसरा घटक अव्यय असतो, म्हणून एकास एक जुळणी सर्वत्र होणार नाही. प्रत्येक जोडीचा अर्थ आधीच वर्तवता येईल असाही दावा नाही. काही जोड्या इतक्या घासल्या गेल्या आहेत की त्यांच्या इतिहासापर्यंत पोहोचावे लागते. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली परकीयांसाठी 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ तयार केली आणि क्रियापदे अवघ्या 18 वर आणली, तेव्हा उरलेल्या क्रियापदांचे ओझे मुख्यतः अशा जोड्यांवरच पडले. शब्दांची संख्या घटली, पण जोड्यांचे अर्थ शिकावेच लागले. ‘गिव्ह अप’च्या मागे दुसरे क्रियापद आले तर ते ‘आयएनजी’ रूपातच हवे, ‘टु’ लावलेले नको, हेही लक्षात ठेवावे लागते. श्रम लागतात, हे कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो श्रमांच्या दिशेचा.

या दिशेचे महत्त्व एका प्रसिद्ध चुकीवरून कळते. भारतीय इंग्रजीत ‘कोप अप विथ’ हा प्रयोग सर्रास आढळतो. प्रमाण इंग्रजीत ‘कोप विथ’ एवढेच पुरते, आणि परीक्षेत व औपचारिक लेखनात तेच लिहावे. परंतु ही चूक करणारा विद्यार्थी अडाणी नसतो. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ या तिन्ही जोड्या त्याच्या कानावर असतात, तिघींत कशाशी तरी झुंजत पातळी राखण्याचा भाव असतो, आणि त्या भावाला धरून तो चौथी जोडी घडवतो. म्हणजे पाठांतराच्या यादीने त्याला जे दिले नाही ते त्याच्या भाषिक जाणिवेने शोधले आहे, फक्त इंग्रजीच्या रूढीने त्याला मान्यता दिलेली नाही. शिक्षकाने येथे लाल रेघ ओढून थांबण्यापेक्षा, जाणीव बरोबर आहे आणि रूढी वेगळी आहे, हे समजावून सांगितले तर विद्यार्थी चूकही सुधारेल आणि नियमावरचा विश्वासही गमावणार नाही.

यावरून अध्यापनाविषयी निघणारा सिद्धान्त स्पष्ट आहे. फ्रेझल व्हर्ब वर्णानुक्रमाने छापून घोकायला देण्याऐवजी अव्ययांच्या कुटुंबांनुसार शिकवावीत. ‘अप’चा दिशेपासून पूर्णतेपर्यंतचा प्रवास एकदा उलगडून दाखवला की त्याच्या बळावर वीस जोड्या आपोआप जागेवर बसतात, आणि उरलेल्या थोड्या जोड्यांसाठी स्मरणशक्ती राखून ठेवता येते. जॉन्सन यांनी अडीचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी तुलनेचा जो मार्ग सुचवला होता तो हाच आहे. मराठी विद्यार्थ्याजवळ तर तुलनेसाठी दोन भांडारे आहेत : संस्कृतातून आलेले उपसर्ग आणि घरात रोज बोलली जाणारी संयुक्त क्रियापदे.

बोलण्याच्या ओघात मराठी माणूस ‘सोडून दे’ हा क्रमही उलटवतो आणि कोणाची समजूत काढताना ‘दे सोडून’ असे म्हणतो. त्या क्षणी त्याच्या तोंडी ‘देणे’ आधी आणि त्याच्या जोडीचा शब्द नंतर, अशी अगदी ‘गिव्ह अप’च्या क्रमाची रचना असते, आणि ती त्याने कोणत्याही यादीतून पाठ केलेली नसते. जी घडण मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच येत असते, ती त्याला परकी आणि अतार्किक म्हणून शिकवणे हा त्याच्या बुद्धीवरचा अन्याय आहे, आणि तो थांबवणे शिक्षकांच्या हाती आहे.